मामंजींसाठी कॉब्लर

१४ मे १९५६

ही डायरी ह्यांनी कचेरीतून आणून दिली. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत 'मध्यभारत शासन' छापलंय. म्हणाले, "लिही काहीतरी. पुढच्या वर्षी हे नावच राहायचं नाही, निदान कागद तरी कामी येऊ दे." लग्नाला बारा वर्षं झाली. ह्यांनी आपण होऊन मला काही आणून दिल्याचं आठवत नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

ह्यांच्या कचेरीत, मोतीमहालात, सध्या दुसरा विषय नाही. मध्यभारत, भोपाळ, विंध्य आणि नागपूरच्या अमलाखालचा हिंदी मुलूख मिळून एक मोठं राज्य होणार, आणि राजधानी भोपाळला जाणार. जे तिकडे जातील ते वर चढतील. जे ग्वाल्हेर सोडणार नाहीत त्यांना इथंच कुठंतरी कोपऱ्यात बसवतील. ह्यांना जायचंय. मामंजी नको म्हणतात.

'नको म्हणतात' हे फार मऊ झालं. काल जेवताना मामंजी म्हणाले, "मी या खासगी बाजारातल्या घरातून निघेन तो चौघांच्या खांद्यावर. तोवर तू मला टाकून भोपाळला गेलास, रमाकांत, तर हे घर मंदाच्या नावावर करीन." मंदाताई म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, इंदूरला असतात. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाहीतरी तुमच्यामागं घर सांभाळायला आहे कोण? पाळणा काही हलला नाही."

ह्यांनी ताटातला भात संपवला, हात धुतले. मला मात्र इतका राग आला होता की सकाळी मामंजींचा चहा मुद्दाम गार होऊ दिला.

आणि आज संध्याकाळी हे बाड्याच्या बाजारातून आले ते पीचची, इथल्या भाषेत आडूंची, करंडी घेऊन. पंजाब मेलनं आलेला ताजा माल, लाल गालांचे, अंगावर मऊ लव. "बाबांना फार आवडतात," म्हणाले. कालचं ते बोलणं ऐकून आज हे! मला माझ्या गार चहाची लाज वाटली.

मी विचारलं, "पण त्यांना साखरेचं दुखणं आहे ना?"

"डॉक्टर दौलतसिंहांना वाटेत भेटूनच आलो. थोडंफार चालतं म्हणाले. या वयात किती मारायचं मन?"

१७ मे

मामंजी पूर्वी संस्थानच्या अतिथिगृहाचे कारभारी होते. शिकारीला आलेले राजे, धरणाचे गोरे इंजिनियर, सगळ्यांच्या खाण्यापिण्याचा बंदोबस्त त्यांच्याकडे. संस्थान विलीन झालं, अतिथिगृह सरकारचं झालं, आणि मामंजींना एक शाल देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून त्यांना हुकूम सोडायला आम्ही दोघंच उरलो.

आज आडू हातात धरून किती वेळ वास घेत बसले होते. म्हणाले, "एका अमेरिकन इंजिनियरची बायको उतरायची आमच्याकडे. तिनं खानसाम्याला पीच कॉब्लर शिकवला. तसा पुन्हा कुठं खाल्ला नाही."

हे लगेच म्हणाले, "शरयू करील की. झांशीच्या मिशन शाळेत मडमांनी केकबिक शिकवलाय तिला."

"ही?" मामंजी हसले. "हिच्या पोळीला पदर सुटेना अजून."

शाळेत मी कॉब्लर म्हणजे मोची असं शिकले होते. त्या नावाचा पदार्थ असतो हे आज कळलं. पण मामंजी सांगत गेले तसं ध्यानात आलं, की खाली फळ, वर मैद्याचं जाड पांघरूण, आणि दोन्ही एकदम भाजायचं. मडम ॲपल पाय करत तिचीच ही सोपी बहीण.

२० मे

पहिला कॉब्लर फसला.

शेजारच्या लीलाकडून पत्र्याची भट्टी आणली, ती सिगडीवर ठेवली आणि झाकणावर निखारे पसरले. आडू उकळत्या पाण्यात बुडवून काढले की साल अलगद सुटते, कपडे उतरवल्यासारखी. इतपत सगळं ठीक झालं. पण मैद्यात दूध जास्त पडलं, आणि वरचं पीठ खाली बसून रसात विरघळलं.

मामंजींनी चमच्यानं उचलून बघितलं. "कोणाच्या दिवसांचा शिरा हा?"

मी खाली बघून उभी राहिले. पण वाटी त्यांनी संपवली हो. बोटानं कड पुसून चाटलीसुद्धा. सात वर्षांत साखरेचा कण न मिळालेला माणूस! ह्यांनी खाल्ला नाही. आडूनं ह्यांचा घसा धरतो म्हणे. मला माहीत नव्हतं.

२१ मे

रोज सकाळी मामंजींची लघवी तपासायचं काम माझं आहे. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवट झालं तरी चालेल. आज विटेसारखं लाल झालं, तळाशी गाळ. असा रंग मी कधी बघितला नव्हता.

ह्यांना हाक मारली. त्यांनी नळी उजेडात धरून बराच वेळ बघितली. मग मोरीत ओतली.

"औषध शिळं झालंय. नवी बाटली आणतो. आणि उद्यापासून हे मी बघत जाईन, तुला सकाळची किती कामं असतात."

मामंजींच्या लघवीला हात लावायचा म्हटलं की ह्यांना एरवी उमासे येत. माणूस बदलतो. ह्या भोपाळच्या कटकटीनं एक बरं झालं, बापलेक जवळ आले.

३० मे

जमला! चौथ्या खेपेला जमला.

मामंजींनी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली होती. तिथूनच ओरडत होते. "पीठ ओतू नकोस, गाढवे. चमच्या-चमच्यानं ठेव, मधे फटी राहू देत. फरशीचे दगड बसवल्यासारखं उंचसखल दिसलं पाहिजे. रस त्या फटींतून वर आला पाहिजे." मी तसंच केलं. आडूंना साखर, लिंबू, किंचित दालचिनी. लोणी हातानं मैद्यात चोळून घेतलं, दूध अगदी बेताचं. झाकण काढलं तेव्हा वरचे गोळे बदामी झाले होते आणि फटींतून केशरी रस बुडबुडत होता. वास खालच्या दुकानापर्यंत गेला असावा, शिंपी वर बघत होता.

मामंजींची पहिली वाटी संपली, तशी दुसऱ्यांदा हात पुढे केला.

ह्यांना विचारलं, "दुसरी देऊ?"

"दे की," हे म्हणाले. "मागतायत तर दे. सकाळी निळं आलंय."

६ जून

आज मामंजींनी मला शरयू म्हणून हाक मारली. आजवर 'अगं' नाहीतर 'ती कुठाय'.

दुपारी उन्हाच्या झळा बाहेर, वाळ्याचे पडदे भिजवलेले, आणि मामंजी वाटी मांडीवर घेऊन गोष्टी सांगतात. कोणत्या राजानं कोंबडीचं हाड कसं खिशात घातलं, कोण मडम कशी पंगतीतच घोरली. मी हसत असते. हे समोर पेपर धरून बसतात. मधूनच पेपर खाली करून मामंजींकडे बघतात, वाटी रिकामी होईपर्यंत. इतक्या मायेनं ह्यांनी कधी माझ्याकडेही बघितलेलं नाही. लिहू नये, पण जरा हेवा वाटला.

दिवसाआड कॉब्लर होतो आता. आडू हेच आणतात, न विसरता.

सकाळी इंजेक्शन द्यायला बळवंत कंपाउंडर येतो, त्यानं जिन्यात मला थांबवलं. "बहूजी, बाबूजी सूखते जा रहे हैं. मीठा तो नहीं चल रहा?"

मी म्हटलं, "डॉक्टर साहब ने थोड़ा-थोड़ा कहा है."

"हमारे डॉक्टर साहब ने?" त्यानं असं तोंड केलं जसं काही मी त्याच्या डॉक्टरांना शिवी दिली.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, कंपाउंडर लोकांना डॉक्टरपेक्षा जास्त अक्कल असते.

११ जून

बळवंतला काढलं. उशिरा येतो म्हणून. मला तर तो वेळेवरच येताना दिसायचा, पण माझं सकाळी लक्ष नसतं. आता कंपू भागातला एक मुलगा येईल, दिवसाआड. ह्यांचं म्हणणं, रोज सुया टोचून मामंजींचं कातडं चाळण झालंय. ते खरंच.

२६ जून

मामंजींना तहान फार. माठ दोनदा भरते. सदरा खांद्यावरून घसरतो इतके वाळलेत. यंदाचा उन्हाळा कुणालाच मानवला नाही.

उंबऱ्याला ठेचाळून त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख उखडलं होतं, ते अजून भरत नाही. हळद-लोणी लावते. "दुखतं का?" विचारलं तर म्हणाले, "काहीच लागत नाही. तुझ्या हाताला गुण आहे." मी उगाच दोनदा लावलं आज.

भोपाळला जाणाऱ्यांची नावं मागवली आहेत. ह्यांनी नाव दिलं. मी घाबरून विचारलं, "मामंजींना सांगितलंत?"

"सांगायची वेळ यायची नाही," म्हणाले.

म्हणजे मामंजींचं मन वळेल अशी ह्यांना खात्री आहे. मलाही वाटतं. गोड खाणारा माणूस हट्टी राहत नाही फार दिवस.

७ जुलै

बाजारातले आडू संपले. मी मामंजींना तसं सांगितलं तर त्यांचं तोंड इतकं उतरलं! एकदम लहान मुलासारखे ओठ काढले. मी म्हटलं, आंब्याचा करू का? चालेल म्हणाले नाहीत.

संध्याकाळी हे आले ते पिशवीत पीचचे चार डबे घेऊन. विलायती. दाट पाकातले. बाड्यावरच्या त्या मोठ्या दुकानात आम्ही आजवर नुसतं काचेतून बघितलंय. स्वतःची चप्पल शिवून शिवून घालणारा हा माणूस वडिलांसाठी असे डबे आणतो. मला भरून आलं. मी म्हटलंसुद्धा, "तुमच्यासारखा मुलगा कुणाला मिळतो!"

हे म्हणाले, "पाक टाकू नकोस. त्यातच घाल."

१९ जुलै

अंगठा काळा पडलाय. शेजारचं बोटही. वास येतो.

मी घाबरून खालच्या शिंप्याला डॉक्टर दौलतसिंहांकडे पाठवलं, ह्यांना न विचारता. हे कचेरीतून आले तेव्हा डॉक्टर वर होते. ह्यांचा चेहरा उतरला. साहजिक आहे. डॉक्टर ह्यांना घेऊन जिन्यात गेले. मी सून, मधे कशी उभी राहणार? दाराआडून एवढंच ऐकू आलं, डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "हुआ कैसे यह?" आणि हे फार हळू काहीतरी बोलले.

वर येऊन हे म्हणाले, पाय कापावा लागेल. गुडघ्याखाली.

मामंजी ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे आता भोपाळला जायचं झालं तरी अर्धाच जाईन." मग एकटेच हसले. मला त्यांचं हसणं आवडलं नाही.

२३ जुलै

मोठ्या इस्पितळात आहेत. उद्या पाय कापणार. मंदाताईंना तार गेली आहे, पोचायच्यात.

आजची गोष्ट नीट लिहून ठेवते. ह्यांनी सकाळी सांगितलं, शेवटचा डबा उरलाय त्याचा कॉब्लर कर, त्यांना तेवढंच सुख. मी केला. डब्याला फडकं गुंडाळून पदराखाली घेऊन आम्ही दोघं गेलो. नर्स दुसऱ्या टोकाला होती.

मामंजींनी झाकण काढून वास घेतला. मग चमचा भरून ह्यांच्या तोंडासमोर धरला.

"खा."

"मला नाही चालत, बाबा. घसा धरतो."

"लहानपणी करंडीतले चोरून खायचास. खा."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, घ्या की हो, एवढे प्रेमानं भरवतायत. ह्यांनी तोंड उघडलं. मामंजींनी घास घातला, आणि हे गिळेपर्यंत चमचा तसाच हनुवटीशी धरून ठेवला. मग उरलेला सगळा कॉब्लर स्वतः खाल्ला. सावकाश, एकेक घास, ह्यांच्या डोळ्यांत बघत. डबा रिकामा करून मला दिला.

"शरयू, मी ह्याला जन्मभर कारकून समजत आलो. पण माझा पोरगा शहाणा निघाला गं. माझ्याहून शहाणा."

असं म्हणून हसत राहिले, खोकला येईपर्यंत.

मला रडूच आलं. चाळीस वर्षांत ह्या बापानं मुलाला एक शब्द चांगला म्हटला नव्हता, तो माझ्यासमोर म्हटला. वळून बघते तर हे तिथं नाहीत. बाहेर नळावर वाकून चूळ भरत होते. पुन्हा पुन्हा. डोळे लाल. त्यांनाही भरून आलं असणार.

३१ जुलै

मामंजी गेले. पाय कापूनही विष वर चढलं होतं. मंदाताईंनी हंबरडा फोडला. ह्यांनी मडकं धरलं, पाऊल कुठं चुकलं नाही.

घरात दालचिनीचा वास अजून आहे, का मलाच येतो कोण जाणे.

१३ ऑगस्ट

काल तेरावा झाला. लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं.

पंगत उठली होती. मंदाताई, मामंजींचे चुलतभाऊ मुकुंदराव काका, झांशीचे माझे दोघे भाऊ, शेजारची लीला, सगळे बाहेरच्या खोलीत होते. मी पान-सुपारी घेऊन गेले. मंदाताई मला बघून म्हणाल्या, "थांब. मी इस्पितळात डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, रक्तात साखरच साखर होती, रोज गोड खाल्ल्याशिवाय इतकी होत नाही. कोण देत होतं बाबांना गोड?"

लीलानं मान खाली घातली, भट्टी तिचीच.

मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, हे आता सांगतील, की डॉक्टर दौलतसिंहांनी परवानगी दिली होती. एवढंच सांगायचं होतं.

हे सुपारी कातरत होते. कातरता कातरता म्हणाले, "मी हिला सांगून सांगून थकलो, ताई. कॉब्लर कॉब्लर म्हणून वेड लागलं होतं. कचेरीतून येऊन बघावं तर भट्टी पेटलेली. मी दिवसभर घरी थोडाच असतो?"

तबक माझ्या हातातून पडलं नाही. पडेल असं वाटलं होतं.

मंदाताई उठल्या आणि माझ्या तोंडात मारली. सगळ्यांदेखत. माझा थोरला भाऊ उठला, मला वाटलं माझ्या बाजूनं बोलेल. त्यानं मंदाताईंची माफी मागितली.

१४ ऑगस्ट

हे आज शांतपणे माझ्याजवळ बसले. म्हणाले, "दुसरं काय करणार होतो? ताईला घर हवंय. माझ्यावर ठपका आला असता तर ती कोर्टात गेली असती, कचेरीत कुजबुज झाली असती, भोपाळ हातचं गेलं असतं. तुझं काय जाणार आहे? बाईमाणसाच्या हातून चुकतं, लोक विसरतात."

"पण डॉक्टरांनी चालतं म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. पण डॉक्टर आता कबूल होतील का?"

ते खरं आहे. कुठला डॉक्टर कबूल होईल? माझं चुकलं, मी त्या वेळी असा विचार केला नाही. आणि ह्यांच्याऐवजी माझ्यावर आलं तर बिघडलं काय, ह्यांची नोकरी म्हणजे माझीच ना? गाल अजून दुखतो, पण मंदाताईंच्या बाबतीत मी मन मोठं करायला हवं.

१३ सप्टेंबर

गौरींच्या हळदीकुंकवाला लीलाकडे गेले होते. आमच्या घरी यंदा सण नाही, म्हणून नुसती बाहेरच्या खोलीत बसले. आलेल्या बायकांपैकी एकीनं आपल्या मुलीला माझ्याजवळून उठवून पलीकडे बसवलं. लीलानं निघताना जिन्यात गाठून सांगितलं, "ती भट्टी आता परत नको देऊस. तुझ्याकडेच ठेव."

मी म्हटलं, धुऊन देते की.

"नको," म्हणाली.

१८ ऑक्टोबर

हे मागच्या आठवड्यात पुढं भोपाळला गेले. कचेरीची कागदपत्रं ट्रकांनी जायला लागली आहेत, मोतीमहालाच्या खिडक्या उघड्या आणि आत नुसत्या रिकाम्या मांडण्या. घर एका बँकेतल्या कुटुंबाला भाड्यानं दिलंय. मी आवराआवर करतेय.

औषधाच्या उरलेल्या बाटल्या परत द्यायला डॉक्टर दौलतसिंहांकडे गेले. बळवंत तिथंच होता, मला बघून आत निघून गेला. डॉक्टरांनी बसायला सांगितलं. म्हातारा माणूस, फार वेळ चष्मा पुसत होते.

"बेटी, एक बात पूछूँ? मैंने मई में ही रमाकांत को कह दिया था. साफ़. वह खुद पूछने आया था कि मीठा चला तो कितने दिन में क्या-क्या होगा. मैंने सब बताया, कि पैर जाएगा, गुर्दे जाएँगे, जान जाएगी. ज़हर समझो, कहा था मैंने. उसने तुम्हें नहीं बताया?"

भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर बाळकृष्ण होता, लोण्याचा गोळा हातात.

मी म्हटलं, "बताया था, डॉक्टर साहब. रोज़ बताते थे. मैंने ही नहीं माना."

डॉक्टरांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे बघितलं. मग मान फिरवली. त्यांनाही माझी किळस आली.

घरी येऊन सामान बांधलं. काचेच्या नळ्या टाकून दिल्या.

१ नोव्हेंबर

आज नवं राज्य झालं. बाड्यावर थोडी रोषणाई, पण गर्दीला उत्साह नाही. आमच्या गल्लीत कुणीतरी म्हणत होतं, ग्वाल्हेर का तो तिलक ही पुँछ गया.

ह्यांच्या बढतीचं कळलं, तारेनं. मीही लवकरच जाईन. मी देवापुढे साखर ठेवायला गेले आणि डब्याचं झाकण हातात घेऊन उभीच राहिले. शेवटी फूल ठेवलं.

९ डिसेंबर, रविवार. भोपाळ

सरकारी क्वार्टर चांगलं आहे. दोन खोल्या, नळ घरात. इथं मला कुणी ओळखत नाही, हे सगळ्यात बरं. पहिल्या आठवड्यात शेजारणी आपण होऊन आल्या, माझ्या हातचा चहा प्यायल्या. एकीनं तर मुलाला माझ्या मांडीवर दिलं.

आज ह्यांचे नवे साहेब, त्यांची बायको आणि कचेरीतले तिघे सपत्नीक जेवायला होते, त्यांतच ती मांडीवर मूल देणारी शेजारीणही. साहेब नागपूरकडचे, मराठीच बोलतात. हे आता किती मोकळे झालेत, बोलण्यात ऐट आलीय, बसण्याची ढब तर थेट मामंजींसारखी. मी सकाळपासून राबले. गोड काय करायचं ते ह्यांनीच सांगितलं होतं, गाजराचा हलवा. उत्तम झाला होता. साहेबांच्या बायकोनं पहिला चमचा घेतला आणि म्हणाल्या, "काय हात आहे हो तुमच्या बायकोचा!"

हे खुर्चीत मागे रेलले. मोठ्यानं म्हणाले, "जपून हं वहिनी. हिच्या हातचं गोड फार जपून खावं लागतं. आमच्या वडिलांना विचारा हवं तर. म्हणजे, ते असते तर."

शेजारणीनं चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग साहेबांना ती गंमत आहे असं वाटलं आणि ते खो खो हसले. साहेब हसले तसे बाकीचे हसले. मी हातात वाट्यांचं तबक घेऊन उभी होते. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिले, तेव्हा मीही हसले.